सत्ताविभाजन आणि वीजनियमन : अमेरिकन संघशासन व खापरखेडा

राज्यसत्तेची विधिविषयक, कार्यकारी व न्यायविषयक अशी तीन अंगे असतात आणि ती एकाच हाती एकवटणे हे नागरिकाच्या स्वातंत्र्यास घातक असते, हे तत्त्व राज्यशास्त्राच्या अभ्यासकास प्रारंभापासून परिचित असते. १७४८ साली माँतेस्क्यूने ते मांडले. १७८७ साली फिलाडेल्फियाच्या परिषदेने ते एका राष्ट्राच्या घटनेत उतरविले. आणि तेव्हापासून अमेरिकन संयुक्त संस्थानांचे संघशासन ह्या तत्त्वाचे प्रमुख उदाहरण म्हणून अभ्यासिले जाते. परंतु आधुनिक शासनाच्या प्रत्यक्ष व्यवहाराकडे वळताच एक अडचण उभी राहते. नागपूरच्या उत्तरेस, सावनेर तालुक्यात असलेल्या खापरखेड्याच्या औष्णिक वीजकेंद्राचे उदाहरण घ्यावे. तेथे तयार होणाऱ्या विजेचा दर कोणत्या नियमांनी ठरावा, हे कोण ठरवितो? त्या नियमांनुसार प्रत्यक्ष दर कोण निश्चित करतो? आणि वीज विकणारी व विकत घेणारी कंपनी यांच्यात तंटा उद्‌भवल्यास त्याचा निवाडा कोण करतो? तिन्ही प्रश्नांचे उत्तर एकच आहे : महाराष्ट्र विद्युत नियामक आयोग.

ज्या एकत्रीकरणास माँतेस्क्यूने जुलमाचे मूळ मानले असते, ते येथे कायद्यानेच घडवून आणले आहे. हा प्रकार केवळ भारतीय नाही. त्याचा उगम अमेरिकेतच आहे. म्हणून अमेरिकन घटनेतील तीन शाखांची रचना खरोखर कोणत्या तत्त्वावर उभी आहे, नियामक आयोगांनी त्या रचनेत कोणता बदल घडविला, आणि खापरखेड्यासारख्या ठिकाणी नागरिकास त्यापासून कोणते संरक्षण मिळते, ह्या तीन प्रश्नांचा क्रमाने विचार करणे उचित ठरते.

१. अमेरिकन घटनेतील तीन शाखा

अमेरिकन घटनेची पहिली तीन कलमे अनुक्रमे विधिमंडळ, राष्ट्राध्यक्ष व न्यायमंडळ यांना वाहिलेली आहेत. पहिल्या कलमाने विधिविषयक सत्ता काँग्रेसकडे दिली. काँग्रेसची दोन सभागृहे आहेत. प्रतिनिधिगृहात लोकसंख्येच्या प्रमाणात निवडलेले ४३५ सभासद दोन वर्षांसाठी असतात. सिनेटमध्ये लहानमोठ्या प्रत्येक संस्थानाचे दोन याप्रमाणे १०० सभासद सहा वर्षांसाठी असतात. कर बसविणे, खर्चास मंजुरी देणे, आंतरराज्यीय व्यापाराचे नियमन करणे आणि युद्ध पुकारणे हे काँग्रेसचे मुख्य अधिकार होत.

दुसऱ्या कलमाने कार्यकारी सत्ता एकट्या राष्ट्राध्यक्षाकडे सोपविली. तो चार वर्षांसाठी निवडला जातो, आणि १९५१ साली संमत झालेल्या बाविसाव्या दुरुस्तीनंतर कोणाही व्यक्तीस त्या पदावर दोनहून अधिक वेळा निवडून येता येत नाही. त्याचे सचिव काँग्रेसचे सभासद असू शकत नाहीत, आणि काँग्रेसच्या अविश्वासाने त्याला पायउतार व्हावे लागत नाही. तिसऱ्या कलमाने न्यायविषयक सत्ता सर्वोच्च न्यायालय व काँग्रेस स्थापील अशी कनिष्ठ संघन्यायालये यांना दिली. तेथील न्यायाधीश सद्वर्तन असेपर्यंत पदावर राहतात आणि त्यांच्या कार्यकाळात त्यांचे वेतन कमी करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयात १८६९ पासून नऊ न्यायाधीश आहेत. कायदा घटनाविरोधी असल्यास तो रद्दबातल ठरविण्याचा अधिकार घटनेत स्पष्ट शब्दांनी लिहिलेला नव्हता. तो १८०३ साली मार्बरी विरुद्ध मॅडिसन ह्या खटल्यात मुख्य न्यायाधीश जॉन मार्शल यांनी प्रस्थापित केला.

इतके वर्णन वाचून तीन शाखा म्हणजे तीन स्वतंत्र कोठड्या होत, असा ग्रह होणे स्वाभाविक आहे. पण तो चुकीचा आहे. काँग्रेसने संमत केलेले विधेयक राष्ट्राध्यक्ष नकाराधिकाराने परत पाठवू शकतो. मग दोन्ही सभागृहांनी दोनतृतीयांश बहुमताने ते पुन्हा संमत केले तरच त्याचा कायदा होतो. राष्ट्राध्यक्ष न्यायाधीश, राजदूत व उच्चाधिकारी नेमतो, पण सिनेटच्या संमतीने. तह तो करतो, पण उपस्थित सिनेटरांपैकी दोनतृतीयांशांनी मान्यता दिल्यावर. महाभियोगाचा आरोप प्रतिनिधिगृह ठेवते, त्याची चौकशी सिनेट करते, आणि राष्ट्राध्यक्षावरील आरोप असेल तर त्या चौकशीचे अध्यक्षस्थान मुख्य न्यायाधीश घेतो. तात्पर्य, एका शाखेचे काम दुसरीच्या सहभागावाचून पुरे होत नाही. सत्तेचे संपूर्ण पृथक्करण हे माँतेस्क्यूलाही अभिप्रेत नव्हते, असे मॅडिसन यांनी ‘फेडरलिस्ट’च्या ४७व्या निबंधात प्रतिपादिले, एका शाखेची संपूर्ण सत्ता दुसऱ्या शाखेची संपूर्ण सत्ता धारण करणाऱ्यांच्याच हाती जाणे, एवढेच त्यांनी निषिद्ध मानले. ५१व्या निबंधात त्यांनी आणखी एक पाऊल टाकले. कागदावरील सीमारेषा पुरेशी नाही. प्रत्येक शाखेस दुसरीच्या आक्रमणाचा प्रतिकार करण्याचे साधन व इच्छा दोन्ही असली पाहिजेत, हा त्यांचा युक्तिवाद होय.

२. टेलिको धरण : तीन शाखांचा प्रत्यक्ष व्यवहार

ही रचना प्रत्यक्षात कशी चालते हे दाखविणारे एक उदाहरण योगायोगाने वीजक्षेत्राशीच संबंधित आहे. १९३३ साली काँग्रेसने टेनेसी खोरे प्राधिकरण स्थापन केले. धरणे, वीजकेंद्रे व नदीखोऱ्याचा विकास ही कामे करणारी ही संघसरकारच्या मालकीची संस्था असून भारतातील दामोदर खोरे निगमाची (१९४८) उभारणी तिच्याच धर्तीवर झाली. प्राधिकरणाने टेनेसी राज्यात टेलिको धरणाचे काम सुरू केले. ते बरेच पुढे गेले असता, १९७३ च्या संकटग्रस्त प्रजातींच्या कायद्याखाली संरक्षण लाभलेल्या एका लहानशा माशाचे वसतिस्थान ह्या धरणाने नष्ट होईल असा आक्षेप निघाला. धरणावर कोट्यवधी डॉलर खर्च झाले होते आणि काँग्रेस दरसाल त्याला निधीही देत होती. तरीही सर्वोच्च न्यायालयाने जून १९७८ मध्ये सहा विरुद्ध तीन मतांनी काम थांबविले. कायद्याचे शब्द स्पष्ट आहेत. त्यांचे फळ शहाणपणाचे आहे की नाही हे पाहणे न्यायालयाचे काम नव्हे, असा त्या निर्णयाचा आशय होता.

काँग्रेसने त्याच वर्षी कायद्यात दुरुस्ती करून सूट देण्यासाठी उच्चाधिकाऱ्यांची एक समिती निर्माण केली. त्या समितीने जानेवारी १९७९ मध्ये टेलिकोला सूट नाकारली. शेवटी काँग्रेसने एका खर्चविषयक विधेयकास कलम जोडून धरण कायद्याच्या कक्षेतून वगळले; राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी सप्टेंबर १९७९ मध्ये त्यावर स्वाक्षरी केली, आणि धरण पुरे झाले.

ह्या घटनाक्रमात कोणता पक्ष योग्य होता हा येथील प्रश्न नाही. लक्षणीय गोष्ट ही की प्रत्येक टप्प्यावर निर्णय कोणाचा आहे हे उघड होते. न्यायालयाने काम थांबविले ते लेखी कारणे देऊन. काँग्रेसने सूट दिली ती जाहीर मतदानाने. राष्ट्राध्यक्षाने ती मान्य केली ती आपल्या सहीने. धरणाचा दोष वा गुण कोणाच्या माथी मारावयाचा हे नागरिकास कळत होते. सत्ताविभाजनाचे खरे मूल्य सत्तेच्या वाटणीपेक्षा ह्या उत्तरदायित्वाच्या स्पष्टतेत आहे.

३. नियामक आयोगांचा उदय

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत रेल्वे कंपन्यांच्या मक्तेदारीमुळे नवा प्रश्न निर्माण झाला. हजारो मार्गांवरील हजारो मालभाड्यांचे न्याय्य दर काँग्रेस स्वतः ठरवू शकत नव्हती, आणि न्यायालये एकेका खटल्यापलीकडे जाऊ शकत नव्हती. म्हणून १८८७ साली आंतरराज्यीय व्यापार आयोग स्थापन झाला, आणि १९०६ च्या कायद्याने त्याला कमाल भाडेदर ठरविण्याचा अधिकार मिळाला. हा आयोग १९९५ च्या कायद्याने बरखास्त झाला, पण त्याने घालून दिलेला नमुना टिकून राहिला. विजेच्या क्षेत्रात १९२० साली संघीय वीज आयोग निर्माण झाला. प्रारंभी तीन खात्यांचे सचिव हेच त्याचे सभासद होते. १९३० साली पाच पूर्णवेळ सभासदांचा स्वतंत्र आयोग झाला. १९३५ साली आंतरराज्यीय घाऊक वीजदरांचे नियमन त्याच्याकडे आले. आणि १९७७ साली त्याची जागा संघीय ऊर्जा नियामक आयोगाने घेतली. कायद्याने ह्या आयोगास घालून दिलेली कसोटी मोजक्या शब्दांची आहे : दर न्याय्य व वाजवी असावेत. त्या शब्दांना अर्थ देणे, तो अर्थ कंपन्यांना लागू करणे आणि त्यावरील वाद ऐकणे ही तिन्ही कामे आयोगच करतो.

हा आयोग तीन शाखांपैकी कोणत्या शाखेचा? १९३३ साली राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी संघीय व्यापार आयोगाचे सभासद विल्यम हंफ्री यांना धोरणविषयक मतभेदामुळे दूर केले. १९३५ साली सर्वोच्च न्यायालयाने एकमताने निर्णय दिला की, ह्या आयोगाचे काम निव्वळ कार्यकारी नसून अर्धविधायक व अर्धन्यायिक आहे. म्हणून कायद्यात नमूद केलेल्या अकार्यक्षमता, कर्तव्यात कसूर वा गैरवर्तन ह्या कारणांखेरीज राष्ट्राध्यक्षास त्याच्या सभासदास काढता येत नाही. ह्या निर्णयाने स्वतंत्र आयोगांना घटनात्मक आधार मिळाला. पुढे २०२० साली एका व्यक्तीच्या हाती असलेल्या ग्राहकसंरक्षण संस्थेसंबंधी निर्णय देताना न्यायालयाने ह्या तत्त्वाची व्याप्ती संकुचित केली, आणि पदच्युतीच्या अधिकाराचा वाद पुन्हा तीव्र झाला. कार्यकारी सत्ता जर एकट्या राष्ट्राध्यक्षाची, तर त्याच्या आज्ञेबाहेरचे अधिकारी कोणास उत्तरदायी, हा एका पक्षाचा सवाल आहे. दर ठरविणारा अधिकारी जर राष्ट्राध्यक्षाच्या मर्जीवर अवलंबून राहिला, तर कायद्याने आखलेली कसोटी कोण पाळील, हा दुसऱ्याचा.

अमेरिकन विचाराने ह्या अडचणीवर जे उपाय शोधले त्यांत १९४६ चा प्रशासकीय कार्यपद्धती कायदा महत्त्वाचा आहे. नियम करण्यापूर्वी त्याचा मसुदा प्रसिद्ध करून लोकांची मते मागवावीत, त्यांचा विचार करून कारणे द्यावीत, आणि न्यायालयास पुनर्विलोकनाचा अधिकार असावा, अशी पद्धत त्याने घालून दिली. त्याखेरीज, एखाद्यावर दोष ठेवण्याच्या प्रकरणात ज्या कर्मचाऱ्याने तपास केला वा आरोप चालविला त्याने निर्णयात भाग घेऊ नये, असेही बंधन घातले. म्हणजे तीन सत्ता एका संस्थेत आल्या, तेव्हा त्या संस्थेच्या आत पुन्हा भिंती उभारण्यात आल्या.

न्यायालयांनीही आपली भूमिका वेळोवेळी बदलली. १९८४ साली शेव्हरॉन खटल्यात, कायद्याचे शब्द संदिग्ध असतील तर प्रशासकीय संस्थेने लावलेला वाजवी अर्थ न्यायालयाने मान्य करावा, असे ठरले. २०२२ साली वेस्ट व्हर्जिनियाच्या खटल्यात कोळशावरील वीजकेंद्रांच्या उत्सर्जनासंबंधी सहा विरुद्ध तीन मतांनी असा निर्णय झाला की, इतका मोठा आर्थिक परिणाम घडविणारा अधिकार काँग्रेसने स्पष्ट शब्दांत दिल्यावाचून पर्यावरण संरक्षण संस्थेस गृहीत धरता येणार नाही. २०२४ साली शेव्हरॉनचा दंडकच रद्द झाला. कायद्याचा अर्थ लावणे हे न्यायालयाचे काम होय, हे मार्शल यांच्या काळचे सूत्र पुन्हा पुढे आले.

४. भारतीय भूमिका

भारताच्या संविधानसभेसमोर अमेरिकन नमुना होताच. मसुदा मांडताना ४ नोव्हेंबर १९४८ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी दोन पद्धतींची तुलना केली. अमेरिकन पद्धतीत स्थैर्य अधिक, संसदीय पद्धतीत उत्तरदायित्व अधिक. मसुद्याने उत्तरदायित्वास प्राधान्य दिले आहे, असे त्यांचे विवेचन होते. संसदीय पद्धतीत प्रश्नोत्तरे, ठराव व अविश्वासाचे प्रस्ताव यांमुळे मंत्रिमंडळाची झडती रोज घेता येते. अमेरिकेत ती मुख्यतः निवडणुकीच्या वेळी होते. तिन्ही सत्तांचे संपूर्ण पृथक्करण घटनेत लिहावे अशी प्रा. के. टी. शहा यांची दुरुस्ती सभेने नाकारली. पुढे १९५५ साली रामजवाया कपूर खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की, भारतीय घटनेने सत्ताविभाजन त्याच्या संपूर्ण कठोरतेने स्वीकारले नसले तरी तीन अंगांची कार्ये पुरेशी वेगळी केली आहेत.

ह्यातून एक महत्त्वाचा फरक निष्पन्न होतो. अमेरिकेत नियामक आयोग स्वतंत्र असावा असे म्हणताना तो राष्ट्राध्यक्षापासून स्वतंत्र असावा, एवढेच अभिप्रेत असते; काँग्रेस वेगळी उभी असतेच. भारतात मंत्रिमंडळ हेच विधिमंडळातील बहुमताचे नेतृत्व असते. त्यामुळे मंत्रिमंडळाच्या प्रभावाखाली गेलेल्या आयोगास विधिमंडळाकडून वाचविले जाण्याची शक्यता कमी असते. खापरखेड्याच्या बाबतीत हा फरक अधिकच ठळक होतो.

५. खापरखेड्याची वीज

खापरखेड्यास वीजनिर्मिती सुरू झाली ती विदर्भ जुन्या मध्य प्रदेश राज्यात असताना. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचनेने विदर्भ मुंबई राज्यात आला, १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य स्थापन झाले, आणि त्याच वर्षी महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ अस्तित्वात आले. आज उभ्या असलेल्या केंद्रातील २१० मेगावॅटचे चार संच १९८९, १९९०, २००० व २००१ ह्या वर्षी आणि ५०० मेगावॅटचा पाचवा संच २०११ साली सुरू झाला. एकूण स्थापित क्षमता १३४० मेगावॅट आहे.

१९४८ च्या वीजपुरवठा कायद्याखालील व्यवस्थेत विद्युत मंडळच वीज तयार करी, वाहून नेई, विकी आणि तिचा दरही ठरवी. धोरणविषयक प्रश्नांवर राज्य सरकारचे आदेश त्याच्यावर बंधनकारक असत. विक्रेताच किंमतीचा निवाडा करी. १९९८ च्या केंद्रीय कायद्याने ही स्थिती बदलण्यास आरंभ झाला आणि १९९९ साली महाराष्ट्र विद्युत नियामक आयोग स्थापन झाला. २००३ च्या विद्युत अधिनियमाने ही व्यवस्था पूर्ण केली. जून २००५ मध्ये मंडळाचे विभाजन होऊन निर्मिती महानिर्मितीकडे, पारेषण महापारेषणकडे व वितरण महावितरणकडे गेले. खापरखेडा महानिर्मितीकडे आले.

आता आयोगाच्या हाती आलेल्या तीन सत्ता एकेक करून पाहाव्यात.

पहिली विधिविषयक. अधिनियमाच्या १८१व्या कलमाखाली आयोग विनियम करतो. औष्णिक केंद्राच्या दराचे दोन भाग ह्या विनियमांनी ठरतात. स्थिर आकारात घसारा, कर्जावरील व्याज, भांडवलावरील परतावा व देखभालीचा खर्च येतो. ऊर्जा आकारात मुख्यतः इंधनाचा खर्च येतो. एक युनिट वीज तयार करण्यास किती उष्णता लागावी याचे प्रमाणही विनियमच घालून देतात. ह्या प्रमाणाचे महत्त्व एका हिशेबाने ध्यानात येईल. समजा, प्रमाण २४०० किलोकॅलरी ठरविले आणि कोळशातून किलोमागे ३६०० किलोकॅलरी मिळतात, तर युनिटमागे सुमारे ६६७ ग्रॅम कोळसा लागेल. प्रत्यक्षात संचाने २६०० किलोकॅलरी घेतल्या, तर कोळसा सुमारे ७२२ ग्रॅम लागेल. ५०० मेगावॅटचा संच पूर्ण भाराने तासभर चालला की पाच लाख युनिट वीज तयार होते. म्हणजे ह्या फरकाने ताशी सुमारे २८ टन अधिक कोळसा जळतो. त्या कोळशाची किंमत ग्राहकाने सोसावयाची की कंपनीने, हे त्या एका आकड्यावर ठरते. विधानसभेत ज्यावर कधी मतदान होत नाही असा हा आकडा कोणत्याही करविधेयकाइतकाच जनतेच्या खिशाशी निगडित आहे.

दुसरी कार्यकारी. ६२व्या कलमाखाली आयोग महानिर्मितीने महावितरणास पुरवावयाच्या विजेचा दर प्रत्यक्ष निश्चित करतो. तिसरी न्यायविषयक. ८६व्या कलमाखाली तो परवानाधारक व निर्मिती कंपन्या यांच्यातील तंटे सोडवितो. चौकशीच्या कामी त्याला दिवाणी न्यायालयाचे अनेक अधिकार असतात. आणि १४२व्या कलमाखाली आदेशभंगाबद्दल तो दंडही करू शकतो.

६. संरक्षणे आणि त्यांच्या मर्यादा

ह्या एकत्रीकरणावर कायद्याने कोणते नियंत्रण ठेवले आहे? ६४व्या कलमाप्रमाणे दराचा अर्ज प्रसिद्ध करावा लागतो आणि लोकांच्या सूचना व हरकती विचारात घेऊन आयोगास १२० दिवसांत आदेश द्यावा लागतो. आदेशाविरुद्ध १११व्या कलमाखाली विद्युत अपील न्यायाधिकरणाकडे आणि तेथून कायद्याच्या महत्त्वाच्या प्रश्नावर १२५व्या कलमाखाली सर्वोच्च न्यायालयाकडे अपील करता येते. सभासदाची निवड ज्या समितीच्या शिफारशीने होते तिचे अध्यक्षस्थान सर्वसाधारणपणे उच्च न्यायालयाच्या माजी न्यायाधीशाकडे असते, आणि अपील न्यायाधिकरणाच्या अध्यक्षाने चौकशी केल्यावाचून सभासदास काढता येत नाही. हंफ्री प्रकरणात अमेरिकन न्यायालयाने मान्य केलेल्या संरक्षणाचेच हे भारतीय रूप म्हणता येईल.

सर्वोच्च न्यायालयाने ह्या चौकटीत दोन महत्त्वाच्या रेषा आखल्या. २०१० साली पीटीसी इंडिया विरुद्ध केंद्रीय विद्युत नियामक आयोग ह्या खटल्यात घटनापीठाने ठरविले की, आयोगाने केलेले विनियम हे दुय्यम विधान होय. त्यांच्या वैधतेस आव्हान अपील न्यायाधिकरणापुढे देता येत नाही, ते घटनात्मक न्यायालयापुढेच द्यावे लागते. म्हणजे आयोग एकच असला तरी त्याने कोणती सत्ता वापरली यावरून दाद मागण्याचा मार्ग बदलतो. खापरखेड्याचा दर विनियमास सोडून लावला असा आक्षेप असेल तर न्यायाधिकरण. विनियमच बेकायदेशीर आहे असा आक्षेप असेल तर उच्च न्यायालय. २०१८ साली गुजरात राज्याच्या अपिलात सर्वोच्च न्यायालयाने आणखी असे म्हटले की, आयोग तंट्यांचा निवाडा करीत असल्यामुळे त्यात कायद्याचे ज्ञान व अनुभव असलेला सभासद असणे आवश्यक आहे. तीन सत्ता एकत्र नांदत असल्या तरी प्रत्येकीचा धर्म वेगळा आहे, हे दोन्ही निर्णयांचे सार होय.

मर्यादाही तितक्याच लक्षात घेण्याजोग्या आहेत. राज्यातील विनियम १८२व्या कलमाप्रमाणे विधिमंडळापुढे ठेवावे लागतात, पण हे कलम ते केवळ सादर करण्यास सांगते. अमेरिकेत १९८३ साली चड्ढा खटल्यात, प्रशासकीय निर्णय एकट्या सभागृहाच्या ठरावाने रद्द करण्याची पद्धत घटनाविरोधी ठरली. तेथे काँग्रेसला पुन्हा कायदाच करावा लागतो. महाराष्ट्रात विधिमंडळ ह्या विनियमांची छाननी करील की नाही, हे सर्वस्वी सभासदांच्या जागरूकतेवर अवलंबून आहे. दुसरी मर्यादा अधिक गंभीर आहे. १०८व्या कलमाखाली राज्य सरकार आयोगास सार्वजनिक हिताच्या धोरणासंबंधी निदेश देऊ शकते. आणि एखादा निदेश धोरणविषयक आहे की नाही असा वाद निघाल्यास राज्य सरकारचाच निर्णय अंतिम मानला जातो. आता महानिर्मिती ही राज्याच्या मालकीची, महावितरण ही राज्याच्या मालकीची, आयोगाच्या सभासदांची नेमणूक राज्य सरकारची, आणि निदेश देणारेही तेच. विक्रेता, खरेदीदार व पंचाचा नेमणूककर्ता एकच असल्याने ह्या व्यवहारात निखळ तटस्थता टिकविणे अमेरिकेतील खासगी कंपन्यांच्या नियमनापेक्षा कठीण आहे.

ह्याच्या उलट, ६५व्या कलमातील एक तरतूद सत्ताविभाजनाच्या मूळ हेतूस फार जवळची आहे. एखाद्या वर्गास आयोगाने ठरविलेल्या दराहून स्वस्त वीज द्यावी असे सरकारला वाटल्यास, तितकी रक्कम त्याने आगाऊ भरावी लागते. सवलत देण्याची मनाई नाही. पण तिचा खर्च राज्याच्या तिजोरीतून, म्हणजेच विधिमंडळाने मंजूर केलेल्या पैशातून व्हावा, दराच्या गणितात तो लपून राहू नये, असा त्याचा अर्थ होतो. सवलत कोणी दिली आणि पैसा कोणी दिला हे नागरिकास दिसते. टेलिकोच्या प्रकरणात जी स्पष्टता दिसली तीच येथे कायद्याने मागितली आहे.

७. चिमणीचा धूर : प्रदत्त विधानाची कसोटी

दरापेक्षाही ज्या प्रश्नाशी खापरखेडा परिसरातील रहिवाशांचा प्रत्यक्ष संबंध येतो तो उत्सर्जनाचा. येथे संसदेने केलेला कायदा १९८६ चा पर्यावरण संरक्षण अधिनियम होय. त्यात वीजकेंद्राच्या धुरासंबंधी आकडे नाहीत. ते आकडे केंद्रीय मंत्रालयाने ७ डिसेंबर २०१५ च्या अधिसूचनेने दिले. एकाच आवारातील संचांना वेगवेगळ्या मर्यादा लागू झाल्या. २००३ अखेरपर्यंतच्या संचांसाठी धूलिकणांची मर्यादा घनमीटरला १०० मिलिग्रॅम, तर २००४ ते २०१६ मधील संचांसाठी ५०. सल्फर डायऑक्साइडची मर्यादा ५०० मेगावॅटहून लहान संचांना ६००, तर ५०० मेगावॅट व त्यावरील संचांना २०० मिलिग्रॅम. म्हणजे खापरखेड्याचे चार जुने संच एका मापात आणि पाचवा दुसऱ्या मापात बसला.

ह्या मर्यादा दोन वर्षांत पाळावयाच्या होत्या. नंतर मुदत वारंवार वाढविण्यात आली, २०२१ साली केंद्रांची वर्गवारी झाली, आणि जुलै २०२५ मध्ये देशातील बहुसंख्य औष्णिक केंद्रांना सल्फर डायऑक्साइडच्या मर्यादेतून सूट देण्यात आली. यांपैकी कोणताही बदल संसदेच्या मतदानाने झाला नाही. ज्या लेखणीने नियम लिहिला तिनेच तो लांबविला व शिथिल केला. धूर स्वच्छ करणारी यंत्रणा बसविल्यास तिचा खर्च शेवटी आयोगाच्या दर-आदेशात येतो, आणि न बसविल्यास त्याचा भार परिसरातील लोकांच्या श्वासावर पडतो. ह्या दोन ओझ्यांची निवड ही खरोखर विधिमंडळाची निवड होय. पण प्रत्यक्षात ती मंत्रालयातील अधिसूचनेने होते.

वेस्ट व्हर्जिनियाच्या खटल्यातील अमेरिकन न्यायालयाची भूमिका येथे विचारप्रवर्तक ठरते, परंतु ती जशीच्या तशी उचलणे योग्य नव्हे. मोठे प्रश्न विधिमंडळाने स्पष्ट शब्दांत सोडवावेत हे म्हणणे रास्त आहे. मात्र विधिमंडळ बोलत नाही म्हणून प्रशासनासही बोलू द्यावयाचे नाही, असा त्याचा परिणाम झाला तर धुरावर कोणाचेच नियंत्रण राहणार नाही. त्या निर्णयास विरोध करणाऱ्या तीन न्यायाधीशांचा आक्षेप मुख्यतः असा होता की, काँग्रेसने दिलेला अधिकारच न्यायालयाने संस्थेकडून काढून घेतला.

८. निष्कर्ष

ह्या विवेचनातून जे निष्पन्न होते ते थोडक्यात असे. अमेरिकन घटनेने तीन सत्ता वेगळ्या केल्या त्या त्यांचा परस्परांशी संबंध येऊ नये म्हणून नव्हे, तर एकीने केलेल्या कृतीचा जाब दुसरीला विचारता यावा म्हणून. औद्योगिक समाजाच्या गरजांनी ह्या सत्ता पुन्हा आयोगांच्या हाती एकत्र आणल्या, आणि हे एकत्रीकरण आता मागे फिरविता येण्याजोगे नाही. खापरखेड्याच्या संचाला किती उष्णता लागावी हे विधानसभेने ठरवावे असे कोणी म्हणणार नाही. म्हणून नियामक संस्थेचे मूल्यमापन करताना तिच्या हाती किती सत्ता आहेत एवढेच विचारून भागत नाही. नियम करताना तिने लोकांचे ऐकले काय, निर्णयाची कारणे दिली काय, त्याविरुद्ध दाद मागण्याचा मार्ग खुला आहे काय, आणि तिच्या सभासदास सत्ताधाऱ्याच्या नाराजीपासून संरक्षण आहे काय, हे चार प्रश्न विचारावे लागतात.

दराच्या बाबतीत ह्या चारही प्रश्नांना भारतीय कायद्याने बऱ्याच अंशी होकारार्थी उत्तर दिले आहे. १०८व्या कलमाने त्यात एक दार उघडे ठेवले आहे. धुराच्या बाबतीत उत्तर बरेच दुबळे आहे, कारण तेथे नियम करणारे, मुदत वाढविणारे व सूट देणारे हात एकच आहेत. महिन्याचे वीजबिल भरणाऱ्या ग्राहकापेक्षा चिमणीच्या छायेत राहणाऱ्या रहिवाशास दाद मागण्याची साधने अपुरी असावीत, ही विसंगती दूर करणे हे विधिमंडळाचे काम होय. आणि ते काम कोणत्याही आयोगाकडे वा मंत्रालयाकडे सोपविता येण्याजोगे नाही.